बाळीच्या बारशासाठी शेजारच्या देशाचे दार उघडण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
शेजारी देशांच्या लोकांचे व्हिसा पाहणारी शाखा,
नवी दिल्ली.
(शाखेचे खरे नाव येथे कोणासच माहीत नसल्याने कामावरून लिहिले आहे.)

अर्जदार : कु. विजयमाला आकाराम देवकर, वय १६, इयत्ता दहावी, मु. पो. चिंचखडी, ता. खानापूर, जि. सांगली.

विषय : नेपाळ व भूतानच्या नागरिकांना आपल्या देशात विनाव्हिसा येण्याची जी सवलत आहे, ती बांगला देश व इतर शेजारी देशांच्या नागरिकांना, निदान आज्यांना, लागू करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. २ ऑगस्ट १९७७. उत्तर नाही.
२) अर्ज दि. २० ऑक्टोबर १९७७. उत्तर : “अर्ज पोचला.”
३) अर्ज दि. ३० जानेवारी १९७८. उत्तर : “यापूर्वीचा अर्ज पाहावा.”

महोदय,

आपले बारसे आपल्या जन्मानंतर कितव्या दिवशी झाले?

१. सदर प्रश्न अर्जदाराच्या डोक्यातून निघालेला नाही. तिच्या वर्गातील आक्काताई व भामा यांनी शाळेच्या हौदापाशी चारचौघींत, “दिल्लीच्या सायबाला ह्यो प्रश्न पयल्या वळीला इचारलास तर तू खरी, न्हाईतर वक्तृत्वाची ढाल मिरवू नगंस,” असे आव्हान दिल्याने तो विचारणे भाग पडले. अर्जदाराला यंदा तालुक्यात वक्तृत्वाचे पहिले बक्षीस मिळाले असून तेव्हापासून ती कोणालाही काहीही विचारू शकते, असा तिच्याबद्दल बोलबाला आहे. तथापि प्रश्न खोडसाळ नाही. अर्जदाराच्या गावी बारसे बाराव्या दिवशी होते. साहेबांचेही त्याच सुमारास झाले असणार, नाहीतर त्यांनी आजवर सह्या कशाच्या केल्या असत्या? अर्जदाराच्या भावाची मुलगी मात्र आज दोनशे पंधरा दिवसांची असून तिला अद्याप नाव नाही. घरात तिला बाळी म्हणतात. लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी तिच्या कार्डावर “देवकर यांची” एवढेच लिहून पुढे जागा सोडली आहे. ग्रामसेवकांच्या जन्मनोंद बुकात नावाचा रकाना कोरा आहे आणि वर्ष उलटले की तो भरण्यासाठी निराळा अर्ज करावा लागेल, असे त्यांनी बजावले आहे. अर्जदार आता अर्जांना भीत नाही, परंतु अर्ज लिहून लिहून तिची बोटे दुखतात.

२. हे असे का झाले, हे कळण्यासाठी साहेबांना आधी गावाची रीत सांगितली पाहिजे. चिंचखडीची माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करणे. या कामासाठी आमची माणसे देशाच्या कानाकोपऱ्यात गेलेली आहेत. साहेबांच्या दिल्लीतही गावचे भाऊसो यांची भट्टी आहे. (हा अर्ज मराठीत असल्याने साहेबांस अडचण आल्यास भाऊसो कचेरीत येऊन वाचून दाखवतील. त्यांना तसे कार्ड टाकले आहे.) परमुलखात राहणारा प्रत्येक गलाईवाला गावात पक्के घर बांधतो आणि त्याला कुलूप लावून निघून जातो. गावात एकशे वीस घरे आहेत. त्यांपैकी एकाहत्तर घरांना चैत्रातली जत्रा सोडली तर वर्षभर कुलूप असते. या सगळ्या किल्ल्या अर्जदाराचे वडील आकाराम, म्हणजे आबा, यांच्याकडे असतात. ओसरीवरच्या फळीला एकाहत्तर खिळे आहेत. जत्रेच्या आधी आई, म्हणजे मनुबाई, एकेक घर उघडून झाडून घेते. आणि ज्या घरात सगळ्या किल्ल्या आहेत त्या आमच्या घराला कुलूपच नाही. आजवर एक वाटी गेली नाही.

३. अर्जदाराचा थोरला भाऊ धोंडिराम याची भट्टी त्रिपुरात, आगरतळा येथे आहे. एकाहत्तर साली सीमेपलीकडून जी हजारो माणसे जीव घेऊन आली, त्यांत कुमिल्ल्याचे एक सोनारकाम करणारे कुटुंब होते. लढाई संपल्यावर आई-वडील परत गेले, मुलगी शिक्षणासाठी आगरतळ्याला मामाकडे राहिली. पुढे दादाने तिच्याशी लग्न केले. तीच अर्जदाराची मिनती वहिनी. लग्न मामाने लावून दिले. तिच्या आईला, सरोजबाला यांना, त्या वेळीही इकडे येण्याचा कागद मिळाला नाही. वडील पुढे वारले. त्या विधवा माउलीने अजून जावई पाहिलेला नाही.

येथे अर्जदार एक हिशोब नम्रपणे नजरेस आणून देते. अर्जदाराची दहावीची परीक्षा विट्यास असून चिंचखडीहून विटा नऊ मैल आहे. दादाच्या भट्टीपासून सीमेवरचे, पलीकडच्या आखौरा गावाकडचे दार तीन मैलांच्या आत आहे. म्हणजे वहिनीच्या आईचा देश दादाच्या दुकानापासून जितका जवळ आहे, तितकी अर्जदाराची परीक्षेची शाळाही तिच्या घरापासून जवळ नाही. एवढ्या जवळच्याला मराठीत शेजारी म्हणतात. दिल्लीत काय म्हणतात, ते कळावे.

४. गेल्या वर्षी वहिनीला दिवस गेले. भट्टीतल्या तेजाबाची वाफ तिला सोसेना म्हणून दादाने तिला सहाव्या महिन्यात गावी आणून सोडले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. ते जमत नाही, तर माहेरानेच इकडे यावे, असे आईने ठरवले. आईने सांगितले आणि अर्जदाराने हिंदीत पत्र लिहिले, त्याखाली वहिनीने त्याचे बंगाली केले. त्यात शेवटी आईचे शब्द होते ते असे : “ईनबाई, लगीन तुमच्याबिगर झालं त्ये झालं. बारसं मातर तुमी आल्याबिगर करणार न्हाई. ह्यो माझा शबूद.” हे वाक्य अर्जदाराने बेधडक लिहिले. तिला वाटले, दोन महिन्यांत बाई येतील. पत्र अर्जदाराने लिहिले असल्याने हा शब्द तिचाही आहे, आणि तोच आज तिच्या गळ्याशी आला आहे.

सरोजबाला यांनी तिकडे व्हिसासाठी अर्ज केला. पाळणाही विणून घेतला, वेताचा. तो तयार आहे. मध्यंतरी शेजारणीची मांजर त्या पाळण्यात व्याली व पिले मोठी होऊन निघूनही गेली, असे त्यांनी कळवले आहे.

५. आता चौकशीचा मजकूर. बाई कोणाकडे येणार, तो माणूस खरा आहे का, हे पाहण्याचा कागद फिरत फिरत आमच्या भागात आला. येथे दादाची एक चूक अर्जदार कबूल करते. नाव-पत्ता कळवताना त्याने वडिलांचे घर लिहिले नाही. मोठ्या दिमाखाने स्वतः बांधलेले घर नंबर ११४ लिहिले. त्या घरात दादा सगळा मिळून सतरा दिवस राहिला आहे. परंतु गलाईच्या गावात कोणीही हेच लिहिले असते. घर बांधायचे कशासाठी, तर पत्ता म्हणून लिहायला.

अ) जून महिन्यात पोलीस ठाण्याचे जमादार हंबीरराव आले. घर नंबर ११४ ला कुलूप. उन्हाचे आलेले पाहून समोरच्या घरातून, म्हणजे आमच्या, वहिनीने त्यांना तांब्याभर पाणी दिले. तिला आठवा लागला होता. पाणी पिऊन त्यांनी शेरा लिहिला : “घरास कुलूप. सदर इसम येथे राहत नाही.” पाणी देणारी बाई कोण, हे त्यांनी विचारले नाही, कारण कागदात पाण्याचा रकाना नव्हता. ९ ऑगस्टला वहिनी बाळंत झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा ती तिच्या भाषेत आईला हाका मारत होती. माझ्या आईने दोन-तीनदा “ओ” दिली.

आ) ऑक्टोबरात चौकशी परत येणार, असे कळले. म्हणून आबांनी ११४ चे कुलूप काढले, अंगणात सडा टाकवला आणि स्वतः आठ दिवस तेथे जाऊन बसले. जमादार आले. त्यांना आबा दिसले. शेरा : “घरात आकाराम नावाचा भलताच इसम आढळला.” आबांनी, “आवं, म्या त्येचा बा हाय,” असे तोंडी सांगितले असता, बापाची चौकशी करण्याचा हुकूम नाही, असे उत्तर मिळाले.

इ) तिसरी चौकशी येणार, असे कळल्यावर डिसेंबरात दादाला तार केली. तो भट्टी बंद करून सहा दिवसांचा प्रवास करून आला आणि ११४ च्या दारात खुर्ची टाकून बसला. बावीस दिवस बसला. बाळी त्याच्या मांडीवर बसायला शिकली. गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली, अशी आगरतळ्याहून चिठ्ठी आली तेव्हा १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीला, तो निघाला. जमादार १८ तारखेला आले. शेरा : “इसम चौकशीची चाहूल लागताच निघून गेल्याचे समजते.”

जमादारांबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ते उन्हातान्हात सायकलवरून येतात आणि आता तेही दमलेले आहेत. तिसऱ्या खेपेला अर्जदार त्यांना शाळेच्या वाटेवर आडवी गेली, तेव्हा ते सायकल टेकवून म्हणाले, “पोरी, मला कुलूप दिसलं, म्या कुलूप लिवलं. म्हातारा दिसला, म्हातारा लिवला. मला माणूस दिसंल आसं करा की गड्यानू एकदा.” यावर वक्तृत्वाचे पहिले बक्षीस मिळालेल्या अर्जदाराने त्यांची सायकल चढापर्यंत ढकलून दिली.

६. याच गल्लीतले जोतीराम यांची भट्टी काठमांडूस आहे. गेल्या चैत्रात जत्रेला येताना त्यांनी त्यांच्या नेपाळी घरमालकीणबाईंना सोबत आणले. त्यांचे नाव चंद्रकुमारी आजी. पोतेभर संत्री घेऊन त्या आल्या आणि विट्याच्या एस.टी.तून उतरल्या. त्यांना वाटेत कोणी व्हिसा विचारला नाही, गावात कोणी पत्ता विचारला नाही. आईने एकच विचारले : चहा साखरेचा का गुळाचा? त्या एकवीस दिवस राहिल्या, भाकरी थापायला शिकल्या, छबिन्यात नाचल्या आणि परत गेल्या. देशाचे काही बिघडलेले दिसत नाही. हा नेपाळशी जुना करार आहे, असे भूगोलाचे सर सांगतात. करार माणसांनीच केला असणार. म्हणून आणखी एक करता येईल, असे अर्जदाराचे मत आहे.

चंद्रकुमारी आजी निघाल्या तेव्हा वहिनी, नुकतीच आलेली, त्यांच्या पाया पडली आणि मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

७. साहेब म्हणतील, दार उघडे टाकले तर हेर येतील, चोर येतील. अर्जदाराला देशाची काळजी नाही, असे नाही. तिचे मामा नाथाजी फौजेत असून एकाहत्तरच्या डिसेंबरात ते त्याच बाजूला होते. त्यांना विचारले असता त्यांनी मिशीला पीळ देत सांगितले, “आमी गेलो तवा व्हिसा कुणी मागितला न्हाई गं. म्हाताऱ्या बायांनी उलट नारळाचं पाणी पाजलं. त्यातली येखांदी तुज्या वयनीची आईच असंल.” ती त्यांतली नसेलही. परंतु ज्यांच्या दारी आमची माणसे न विचारता गेली, त्यांनी आमच्या दारी यायचे तर तीन वेळा कुलूप तपासायचे, हे अर्जदाराच्या मनाला बरे वाटत नाही. आणि चोरांचे म्हणाल, तर कुलूप नसलेल्या घरातल्या किल्ल्यांच्या फळीबद्दल वर लिहिलेच आहे.

८. गेल्या आठवड्यात एक कागद आला. कोणत्या कचेरीचा, ते लिहीत नाही. तेथल्या कारकुनांनाही घरी लेकरे असतील. त्यात लिहिले आहे की, सदर बाईंना भारतात येण्याची परवानगी का मिळालेली नाही, याचा खुलासा हवा असल्यास बाईंनी पंधरा दिवसांच्या आत तालुक्याच्या ठिकाणी समक्ष हजर राहावे. अर्जदाराने हा कागद घरी मोठ्याने वाचून दाखवला. आबा हसले नाहीत. आई म्हणाली, “म्हंजी येऊ द्यात्यात का?” अर्जदाराने तो परत वाचून दाखवला. वहिनीने कागद घेतला, घडी घातली आणि बाकीच्या कागदांबरोबर डब्यात ठेवला. पूर्वी असा कागद आला की ती अर्जदाराला विचारायची, “व्हिज्यामाला, कवा येनार आई?” आता विचारत नाही. अर्जदाराला सगळ्यात जास्त राग याचा येतो, आणि सगळ्यात जास्त थकवाही याचाच.

तिकडच्या रीतीप्रमाणे मुलीला सातव्या महिन्यात मामाने किंवा आजोळच्या माणसाने पहिला भात भरवायचा असतो. तीही वाट पाहणे चालू होते. परवा बाळीने कोणाचीही वाट न पाहता अर्जदाराच्या ताटातला भात मुठीने उचलून खाल्ला. वहिनीने तिच्या हनुवटीवरची शिते टिपली.

९. तरी साहेबांस विनंती अशी की :

नेपाळ-भूतानची सवलत सर्व शेजारी देशांना लागू करावी. बांगला देश, लंका, आणि भांडण मिटेल त्या दिवशी पाकिस्तानसुद्धा, कारण गावच्या बिराप्पा तात्यांची भट्टी फाळणीआधी कराचीत होती व ते अजून तिथल्या शेजाऱ्याचे नाव काढतात. हे लगेच होण्यासारखे नसल्यास फक्त बांगला देशास लागू करावी. तेही जड जात असल्यास साठ वर्षांवरील बायकांस. तेही नसल्यास लेकीच्या बाळंतपणापुरते. ते होऊन गेले आहे, तरी पुढच्या बायकांच्या उपयोगी पडेल. तेही नसल्यास एका बाईस एका दिवसापुरते. आणि यांतले काहीच होण्यासारखे नसल्यास, वेताच्या रिकाम्या पाळण्याला व्हिसा लागतो का, एवढे तरी उलट टपाली कळवावे.

१०. अर्जदाराला या अर्जाचे उत्तर येईल, अशी आशा आहे, परंतु ती पूर्वीइतकी नाही. म्हणून आज रविवारी सकाळी, आबा किल्ल्यांना तेल लावत बसलेले असताना व आई जवळच तांदूळ निवडत असताना, अर्जदाराने हा अर्ज पहिल्यापासून वाचून दाखवला. आबा म्हणाले, “झ्याक लिवलंस. आता बघू वाट.” त्यावर अर्जदाराने फळीवरची ११४ ची किल्ली काढून, जमादार परत आले तर असू द्या म्हणून, आबांच्या हातात दिली आणि उभी राहून सांगितले ते जसेच्या तसे खाली लिहिले आहे, म्हणजे साहेबांस नंतर आश्चर्य वाटायला नको :

“आबा, आई, लय वाट बघितली. चार एप्रिलला माझा शेवटचा प्येपर हाय. सात तारखेला मी वयनीला आन् बाळीला घिऊन निघणार. कराड, पुणं, कल्याण, हावडा, गोहाटी, धरमनगर, फुडं मोटार. म्या समदं लिवून काढलंय, दादा न्यायला येतोय. सोळा तारखेला, रविवारी अकरा वाजता, त्या आखौऱ्याच्या दारात बारसं करायचं. दारापातूर यायला ईनबाईस्नी कागूद लागत न्हाई आन् आपल्याला बी लागत न्हाई. त्यास्नी मी आजच पत्र टाकणार, पाळणा घिऊन पल्याडच्या अंगाला हुबं ऱ्हावा म्हणून. आई, तुझा शबूद मोडत न्हाई. त्या आल्याबिगर बारसं करणार न्हाई म्हणालीस, त्या येत्यातच की दारापातूर. नाव बाळाच्या कानात सांगत्यात, ठावं हाय मला. मी कानात न्हाई सांगणार. वरडून सांगणार, पल्याडच्या आज्जीला ऐकू जाईल आसं. आत्या मी हाय.”

एवढे झाल्यावर सांगण्यासारखे काही उरले नाही.

आपली नम्र,
आणि बाळीची आत्या,

(सही)
विजयमाला आकाराम देवकर

चिंचखडी, दि. १२ मार्च १९७८

सोबत :
१) जमादारांच्या तिन्ही शेऱ्यांची नक्कल.
२) “समक्ष हजर राहावे” या कागदाची नक्कल.
३) बाळीच्या उजव्या तळपायाचा कुंकवाने उठवलेला ठसा. नाव नसल्याने तिला सही करता येत नाही. नाव ठरलेले आहे, पण ते येथे लिहीत नाही. ते आधी तिच्या आजीने ऐकायचे आहे.